किमिझ आणि पांढऱ्या गोळ्या

४ जून

पोहोचलो एकदाचे वर, उन्हाळी कुरणावर! ट्रकमध्ये मी, सासू, दीर ओमोर, नमद्याच्या गुंडाळ्या, मोठ्या कढया आणि मेंढ्या. त्यातल्या त्यात मेंढ्यांची संगत बरी. त्या सल्ले देत नाहीत.

तंबू उभा करताना सासू सारखी म्हणत होती, "सूनबाई, तू दोर धरू नकोस. तू आपली बस." मी काय काचेची बरणी आहे? शेजारच्या तंबूतली तुर्सुनाय लगेच कुजबुजली — "हिलाच ना ती फेफऱ्याची बाधा?" कुजबुज कसली! पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढपाळाला ऐकू गेली असेल.

हो, मलाच. आणि बाधा नाही, आजार आहे. पण पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतत बसणार.

५ जून

गोळ्या चहाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात काढून ठेवल्या. पेटीत, रजयांच्या खाली. पट्टीतच ठेवायच्या असं डॉक्टर मेलिस म्हणतात, पण पट्टी फोडली की करकर वाजते आणि सगळ्या माना माझ्याकडे वळतात. जणू मी बंदूक भरतेय.

सकाळी एक, संध्याकाळी एक. नवरा, एर्मेक, खालून पुढचा पुरवठा घेऊन येईपर्यंत पुरतील आणि वर थोड्या उरतील. डॉक्टर बजावून म्हणाले होते, "बुरुल, कुरणावर जाताना काटेकोर हिशेबानं नेऊ नकोस. वर बर्फ पडतं, दरड कोसळते. जास्तीच्या ठेव." अख्ख्या तालुक्यात एक शहाणा माणूस. तोही यंदा निवृत्त होतोय.

हा उन्हाळा मला स्वच्छ काढायचाच आहे. एकही झटका नको. मुख्याध्यापकांनी शब्द दिलाय — "सप्टेंबरपर्यंत काही झालं नाही तर भौतिकशास्त्राचा वर्ग परत तुझा." सध्या मी वाचनालयातली धूळ झटकते. माझा वर्ग घेतोय व्यायामशिक्षक! तो मुलांना सांगतो, वीज तारेतून पाण्यासारखी वाहते, म्हणून तार वाकडी करू नका.

९ जून

इथे सुनेनं सासरच्या थोरांचं नाव तोंडातून काढायचं नाही. तुर्सुनायच्या सासऱ्याच्या नावात 'दगड' येतो, म्हणून ती बिचारी दगडाला 'तो टणक' म्हणते. काल पायावर पडला तेव्हासुद्धा ओरडली, "अगं आई गं, टणक पडला!"

ही वही कोण वाचतंय? घेते नाव. सोनुनबुबु! सोनुनबुबु! बघा, आभाळ कोसळलं नाही.

तर या सोनुनबुबुबाई, माझ्या सासूबाई, पंचक्रोशीत 'जाणत्या' म्हणून प्रसिद्ध आहेत. बोलता बोलता मध्येच थांबतात. नजर लागते कुठेतरी. ओठ चुटूचुटू वाजवतात, बोटं झग्याची किनार चाळवत राहतात. बायका लगेच हात जोडून गप्प! बाईंना पूर्वजांचं बोलावणं आलंय ना! मग बाई भानावर येतात, घोटभर चहा मागतात, आणि कुणीतरी अदबीनं विचारतं, "आपा, काय म्हणाले?" आपा काहीतरी पुटपुटतात — "मेंढ्या सांभाळा." वा! एवढं सांगायला पूर्वज एवढ्या लांबून आले!

मी झटका आला की धाडकन पडते, दातखीळ बसते, जीभ चावली जाते. माझ्याजवळ कुणी हात जोडून उभं राहत नाही. नाटक जमायला हवं माणसाला.

गेल्या वर्षी बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळताना यांना बोलावणं आलं आणि मनगट उकळत्या तेलात. अजून डाग आहे. बाई तळायला बसलीय, हे पूर्वजांना दिसू नये?

१२ जून

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! किमिझ पिऊन बरं व्हायला शहरातून पाहुणे यायला लागले. दर उन्हाळ्यात हा तमाशा. जेवण बंद, औषधं बंद, दिवसभर घोडीचं आंबलेलं दूध. पहिले दिवस पोट जातं, डोकं भणभणतं, आणि हे म्हणतात, "विष बाहेर पडतंय." विष नाही रे बाबांनो, कालची न्याहारी.

यंदाचे मानाचे पाहुणे बाझारकुल. बिश्केकचे निवृत्त हिशेबनीस. गळ्यात टॉवेल, हातात वर्तमानपत्र. आल्या आल्या जाहीर केलं, "मी रक्तदाबाच्या गोळ्या दरीत फेकून आलोय!" सगळ्यांनी वाहवा केली. शाल आणि नारळ तेवढा राहिला.

मग नजर माझ्याकडे वळली, वळणारच होती. "तूही सोड पोरी. किमिझ आणि गोळी एका पोटात नांदत नाहीत. किमिझ रुसतं."

मी सासूकडे पाहिलं. एवढी जाणती बाई, दोन शब्द बोलेल म्हणून. तर ती चारचौघांत म्हणाली, "खरं आहे. आमच्या वेळी गोळ्या कुठे होत्या?"

तुमच्या वेळी माणसं पन्नाशीत मरायची, आपा. — हे अर्थातच मी मनात म्हणाले. वरून चहा ओतला.

१३ जून

आणखी एक अपमान. सगळ्यांच्या वाडग्यात आंबवलेलं, फेसाळ किमिझ. माझ्या वाडग्यात मात्र नुकतंच काढलेलं गोडसर दूध, तान्ह्या लेकरांना देतात ते! सासूनं स्वतः उठून ओतलं, कुणाला दिसू नये असं पाठ करून. म्हणजे मी किमिझाच्याही लायकीची नाही.

तसं मला किमिझ चालतच नाही, त्यात थोडी का होईना दारू असते आणि माझ्या गोळ्यांशी तिचं पटत नाही. पण हे मी ठरवायचं ना? हिनं कशाला?

१७ जून

बाझारकुल भेलकांडत होते. तोंड लालबुंद, कानात घण वाजतायत म्हणाले. माझी सहनशक्ती संपली. सगळ्यांसमोर शिकवणी घेतली, वर्गात घ्यायचे तशी.

"रोजची गोळी अशी एका दिवसात तोडायची नसते! शरीर तिच्यावर टेकून उभं असतं. तुमच्या गोळ्यांचं तसंच आणि माझ्यांचं तर त्याहून जास्त. माझी एकदम बंद झाली तर आधी होता त्याहून मोठा झटका येईल, माणूस जायचासुद्धा. बंद करायचीच तर डॉक्टर हळूहळू उतरवतात. दुसऱ्याची घ्यायची नाही, आपली द्यायची नाही!"

बाझारकुल म्हणाले, "पोरगी तिखट आहे." बस्स. एवढंच डोक्यात शिरलं.

गंमत म्हणजे सासू लोकर कातता कातता सगळं ऐकत होती. चाती थांबली होती. मग विचारते, "आणि एखादे वेळी चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का?"

"नाही आपा. आठवण होईल तेव्हा घ्यायची. पुढचीची वेळच झाली असेल तर गेलेली सोडून द्यायची. दोन एकदम नाही."

"जेवणाआधी का जेवणानंतर?"

"जेवणाबरोबर."

"रोज एकाच वेळी?"

"एकाच वेळी."

मान हलवून परत कातायला लागली. हिला कशाला एवढ्या चौकशा? गोळी घ्यायच्या वेळी मला कामाला जुंपायचा बेत असेल. ओळखून आहे मी.

२३ जून

डबा हलका लागला.

२४ जून

काल रात्री मोजल्या. आज संध्याकाळी परत मोजल्या. माझ्या दोन सोडून आणखी एक गेलीय. पेटीला हात लावणारी या तंबूत एकच बाई आहे. पेटी तिच्या माहेरची.

२७ जून

रोज एक जाते! म्हणजे एकदम फेकायची हिंमत नाही, चोरून चोरून दरीत टाकत असणार. किमिझ रुसू नये म्हणून! वर तोंड करून मला विचारते, "सूनबाई, आज गोळी घेतलीस ना?" चोर तर चोर, वर शिरजोर!

टेकडीवर चढून एर्मेकला फोन लावला. फोन तिथेच लागतो. नवरा काय म्हणाला? "आई असं नाही करणार. तूच चुकून जास्त घेतल्यास का?"

शाब्बास! जन्माला आला तेव्हा दायीनं आधी कणा बाहेर काढून ठेवला असावा.

"तूच विचार आईला," म्हणाला. मी कशी विचारू? सुनेनं सासूला चोर म्हणायचं? त्यापेक्षा तुर्सुनाय दगडाला दगड म्हणेल.

१ जुलै

बर्फ! जुलैत! खिंडीखालचा रस्ता खचला. एर्मेक निघू शकत नाही. "आठवडाभर तरी," म्हणाला. त्याचा आठवडा म्हणजे देवाचा आठवडा.

आजपासून गोळ्या संपायची भीती वाटायला लागलीय. खरी भीती. दोन रोज माझ्या आणि एक हिची, या चालीनं रस्ता सुटायच्या आत डबा रिकामा होईल. आणि मग मी पडणार. कढईपाशी, नाहीतर घोडीच्या पायाशी. पाहुण्यांसमोर. ही बातमी माझ्याआधी शाळेत पोहोचेल आणि वर्ग कायमचा व्यायामशिक्षकाचा.

या बाईला कळत कसं नाही की ती माझ्या जिवाशी खेळतेय?

४ जुलै

एक विनोद. सोनुनबुबुबाईंचे पूर्वज बेपत्ता आहेत! परवा तुर्सुनायनं चिंतेनं विचारलं, "आपा, बरेच दिवसांत बोलावणं आलं नाही का हो?" आपा म्हणाल्या, "नाही गं बाई," आणि हसल्या. चक्क हसल्या. आताशा दिवसभर ताठ बसून घोड्यांच्या धारा काढतात, शब्द मध्ये तुटत नाही, हात थरथरत नाहीत. काल कढईपाशी बसून घाणेच्या घाणे तळले. माझ्या गोळ्या चोरून तब्येत सुधारलीय बाईंची! दुसऱ्याचं ओरबाडलं की काही जणांना मानवतं.

पूर्वजही किमिझ प्यायला दुसऱ्या कुरणावर गेले असतील. पाहुणे मात्र नाराज. बाझारकुलना मुलाच्या घटस्फोटाबद्दल विचारायचं होतं.

७ जुलै

सुचलं!

तुर्सुनायकडे कॅल्शियमच्या गोळ्या आहेत, कागदी पट्टीतल्या. मऊ, पांढऱ्या, माझ्या गोळ्यांहून जराशा मोठ्या. नखं तुटतात म्हणून मागून घेतल्या. "घे की गं," म्हणाली, आणि नखांवर प्रवचन दिलं. कडा घासून घासून आकारात आणल्या. शाळेत प्रयोगशाळा सांभाळलीय मी, एवढं येतं.

डब्यात आता निव्वळ कॅल्शियम. माझ्या खऱ्या गोळ्या बंडीच्या अस्तरात शिवल्या. झोपतानाही बंडी अंगावर. टाक म्हणावं आता दरीत, कितीही टाक! दरीतल्या लठ्ठ मारमोट-खारींची हाडं तरी मजबूत होतील.

खूप दिवसांनी पोटभर हसले.

८ जुलै

कॅल्शियमची एक गेली. नाचावंसं वाटलं.

१० जुलै

जाताहेत. रोज एक, मुकाट. नुसतं टाकायचं काम. आपण बरोबर तीच टाकतोय का, एवढंसुद्धा पाहत नाही बाई. नाचता येईना, आणि अंगणही दिसेना!

माझ्या मात्र आता पुरतील. एर्मेक म्हणतो, रस्त्यावर यंत्र आलंय.

१२ जुलै

पूर्वज परतले! सकाळी चहा ओतता ओतता आपा थांबल्या. नजर लागली, ओठ चुटूचुटू, चहा वाडग्यावरून सतरंजीवर. पाहुण्यांना कोण आनंद! बाझारकुलनी टॉवेल काढून हात जोडले. संध्याकाळी परत एकदा. दिवसात दोन खेळ.

पण या वेळी भानावर आल्यावर काही सांगितलं नाही. "काय म्हणाले आपा?" "काही नाही." आणि उठून पेटीपाशी जाऊन बसल्या. चेहरा राखेसारखा. लागोपाठ खेळ झाले की मूड जातोच कलावंताचा.

१४ जुलै

लिहिते. लिहिलं नाही तर वेड लागेल.

दुपारी घोड्यांच्या धारा काढायची वेळ. सासू गुडघा टेकून, मांडीवर बादली, हात घोडीच्या पायाभोवतून. मी शिंगरू धरून उभी. एकदम बादली पडली. मला वाटलं, आलं बोलावणं. मी म्हणणारच होते काहीतरी — आणि ती किंचाळली. माणसाची किंकाळी नसते ती. मी माझी स्वतःची कधी ऐकलेली नाही, पण एर्मेकनं वर्णन केलंय. तीच होती.

आडवी पडली, सगळं अंग ताठ, मग झटके. घोडी बुजली, एक लाथ खांद्यावर बसली. ओमोरनं घोडीला ओढून नेलं. तुर्सुनाय लाकडी चमचा घेऊन धावली, दातात घालायला. मी चमचा हिसकावून फेकला. कुणीतरी तोंडात किमिझ ओतायला निघालं. "लांब व्हा! तोंडात काही घालायचं नाही! हात-पाय दाबायचे नाहीत!" मी कधी एवढी ओरडले नसेन. डोक्याखाली माझी बंडी दिली, रुमाल सैल केला, झटके थांबल्यावर कुशीवर वळवलं. लाळेत रक्त होतं. जीभ चावली होती.

बाझारकुल म्हणाले, "सुनेचं सासूला लागलं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मूर्ख! हा आजार उडून बसत नाही. तो असतो, नाहीतर नसतो.

असतो, नाहीतर नसतो.

तिला कुशीवर धरून बसले होते तेव्हा मनगटावरचा तो भाजल्याचा डाग माझ्या हाताखाली होता. ओठ अजून हलत होते, चुटूचुटू. बोटं झग्याची किनार चाळवत होती. डॉक्टर मेलिसनी मला एकदा सांगितलं होतं, सगळेच झटके पडण्याचे नसतात, काही नुसते थांबण्याचे असतात. मी तेव्हा ऐकलं नाही. मला माझ्याच झटक्यांची पडली होती.

१५ जुलै

रस्ता सुटला. एर्मेक गाडी घेऊन निघालाय, आईला खाली इस्पितळात न्यायला. टेकडीवरून डॉक्टर मेलिसना फोन केला, सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. त्यांनी आधी डब्यातल्या गोळ्या कधी बदलल्या ती तारीख विचारली. मग म्हणाले, "आणखी गोळी तू मनानं देऊ नकोस. आधी घेऊन या. तपासून मी ठरवतो."

सकाळी तिचा रुमाल बदलताना कोपऱ्यात गाठ दिसली. सोडली. आत एक गोळी. मऊ, पांढरी, कडा घासलेली.

तिनं गाठीकडे पाहिलं आणि माझ्याकडे. लाजली, चोरी पकडल्यासारखी. जीभ सुजलेली, शब्द जड येत होते.

"नवी नवरी होते तेव्हापासून आहे गं. सांगितलं असतं तर माहेरी धाडलं असतं. पूर्वजांचं नाव आपोआपच पडलं, मी पडू दिलं. तुझं स्थळ आलं तेव्हा सगळे नको म्हणत होते. मी म्हटलं, हीच करायची." थांबली. पाणी मागितलं. मग माझा हात धरून म्हणाली, "तुझ्यातली घेतली, रागावू नकोस. पण तू सांगितलंस तशीच घेतली. जेवणाबरोबर, एकाच वेळी. एक दिवस चुकवली नाही. मग का झालं गं, सूनबाई?"